नोकरी सोडून कमी भाड्याची इमारत घ्यावी का? उत्तर जरा लांबलंय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एक उत्तर लिहून पुसूनही टाकलं, कारण ते फारच उत्साही झालं होतं, आणि उत्साह तुमच्याकडे आधीच भरपूर दिसतोय. थोडक्यात तुम्ही म्हणताय ते असं: वय ४१, १७ वर्षं ऑफिसात आकडेमोडीचं काम, बऱ्यापैकी बचत, जोडीदाराची नोकरी चालू. आता कंटाळा आलाय आणि पैसा असा कुठेतरी लावायचाय जिथे कोणाचं तरी भलं होईल, म्हणून एखादी जुनी आठ-दहा घरांची इमारत घ्यायची, दुरुस्त करायची आणि ज्यांना घरमालक सहसा दारात उभं करत नाहीत त्यांना, म्हणजे एकट्या बायका, एकटी म्हातारी माणसं, कमी पगारवाले, त्यांना बाजारापेक्षा कमी भाड्यानं द्यायची. प्रश्न तीन: नोकरी आत्ता सोडू का, भलं करून पोट भरतं का, आणि आधी कुठला कोर्स करू.

माझं सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. १४ वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो, गेली १९ वर्षं हेच करतोय. दोन भागीदार धरून तीन छोट्या इमारती, मिळून ३१ घरं, सगळी कमी भाड्याची. श्रीमंत झालो नाही, बुडालोही नाही. एकदा बुडायच्या बेतात होतो, ते पुढे येईलच.

आता, तुम्ही करिअर बदलाचं विचारलंय पण मला तुमच्या प्रश्नात खरी अडचण वेगळीच दिसते. ‘भाडं कमी ठेवणार’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय, पण कमी भाडं म्हणजे दर महिन्याला कोणीतरी काही पैसे सोडतंय, आणि ते कोण सोडतंय हे एकदाही लिहिलेलं नाही. तुम्ही? बँक? कोणी देणगीदार? की ती बिचारी इमारत? याचं उत्तर ज्याच्याकडे नसतं त्याच्या बाबतीत पाचवंच कोणीतरी पैसे भरतं, तो भाडेकरू, फक्त जरा उशिरा. म्हणून आधी तो हिशेब करू, नोकरीचं नंतर.

एक कबुली आधीच देतो. भाड्याचा कायदा, कर, कर्जाचे दर, ट्रस्ट काढायचा की कंपनी की सहकारी संस्था, हे जागोजागी इतकं बदलतं की त्यावर मी बोलणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं. ते तुमच्या इथल्या वकिलाला आणि सीएला विचारा, आणि पैसे देऊन विचारा, फुकटातलं नको. मी सांगतो ते त्याच्या अलीकडचं आहे, साधं गणित.

खरे आकडे नको, शेकड्यात बोलू. समजा बाजारभावानं सगळी घरं भरली तर महिन्याला १०० येतात. त्यातले ८ रिकामी घरं आणि थकबाकीत जातात (जातातच, ‘माझ्याकडे कोणी थकवणार नाही’ असं म्हणणारा माणूस अजून नवा आहे). उरले ९२. कर, विमा, जिन्यातला दिवा, पंप, पाणी यांचे १४ गेले, ७८. रोजची दुरुस्ती १२, म्हणजे ६६. मोठ्या कामांसाठी बाजूला टाकायचे १०, म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजची लाइन, वायरिंग, जे दहा-पंधरा वर्षांनी येतं आणि एकदम येतं. ५६ राहिले. मॅनेजमेंटचे ८, उरले ४८. जुन्या इमारतींत निम्म्याच्या आसपास खर्चात जातं असं या धंद्यातले लोक ढोबळमानानं धरतातच, त्यामुळे हे आकडे काही फार निराशावादी नाहीत.

कर्जाचा हप्ता समजा ४०. उरलेल्या ४८ ला ४० नं भागलं की १.२ येतं. बँका साधारण १.२ ते १.२५ च्या खाली हे गुणोत्तर गेलेलं चालवून घेत नाहीत, आणि त्यात बँकेचं चुकत नाही, तुमच्या झोपेसाठीही तेवढं लागतं. म्हणजे बाजारभावानं इमारत चालते, महिन्याला ८ शिल्लक.

आता भाडं १५ टक्के कमी करा. १०० चे ८५. एक फायदा होतो, लोक घर सोडत नाहीत, त्यामुळे ८ च्या ऐवजी ४ धरू, ८१. पण कर कमी होत नाही, पंपाचं बिल कमी होत नाही, नळाला काय माहीत की आत राहणारं माणूस गरजू आहे, तो गळतोच. १४, १२, १० आणि ८ वजा केले की राहिले ३७. हप्ता ४०. दर महिन्याला ३ खिशातून. आणि १.२ चं गुणोत्तर राखायचं तर हप्ता ३१ च्या आत हवा, म्हणजे कर्ज जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं कमी काढायला हवं होतं.

‘हवं होतं’ यावर थोडं थांबा, कारण माझं सगळं सांगणं त्या एका शब्दात आहे. भाडं किती कमी ठेवता येईल हे तुम्ही भाडेकरूशी बोलताना ठरत नाही, ते खरेदीखतावर सही करता त्या दिवशी ठरून जातं. त्या दिवसानंतर तुमच्या हातात चांगुलपणा शिल्लक असतो पण जागा नसते. ते मधले ९ कुठून तरी आधीच आणायचे असतात: एक तर इमारत स्वस्त घ्या, किंवा स्वतःचे पैसे जास्त घाला आणि त्यावर कमी परतावा चालेल असं मनाशी कबूल करा, किंवा लांब मुदतीचं स्वस्त कर्ज मिळवा, किंवा सरकारी योजना, देणगी. आणखी एक मार्ग म्हणजे मॅनेजमेंटचे ८ स्वतः राबून वाचवायचे. हा शेवटचा सगळ्यांना फार आवडतो कारण त्यात आज काही द्यावं लागत नाही, पण १० वर्षांनी तुमची कंबर धरली की ते ८ परत येऊन उभे राहतात. मी स्वतः राबतो आणि तरीही पगाराचे ८ हिशेबात लिहितो.

आणि एक सहावा मार्ग असतो, तो कोणी कागदावर लिहीत नाही. ते मोठ्या कामांचे १० आहेत ना, त्यातून घ्यायचं. तिथेच मी मेलो होतो.

दुसरी इमारत घेतली तेव्हा हिशेब मी वरच्यासारखाच केला होता, फक्त घाई होती म्हणून कर्ज जरा जास्त काढलं, आणि भाडं कमी ठेवायचंच असं भाडेकरूंना मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो. पहिल्या वर्षी राखीव फंडातून थोडे घेतले, पुढच्या वर्षी भरू म्हटलं. दुसऱ्या वर्षी परत. इमारत काही बोलत नाही ना, हेच वाईट. तिसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या एका घरात बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल दिसली, हाताच्या पंज्याएवढी. मी मेंटेनन्सचा माणूस, मला लगेच कळायला हवं होतं, पण मी पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला आणि निघून आलो. कारण खरं काम काढायला पैसे नव्हते, आणि पैसे नसले की माणसाला भिंतीत फक्त रंगाचाच प्रॉब्लेम दिसतो. सात महिन्यांत ती ओल वर दोन मजले चढली. डक्टमधला उभा पाइप जॉइंटला फुटला होता, मैलापाणी भिंतीत मुरत होतं. तो पाइप, भिंत, तीन बाथरूम, सगळं एकदम काढावं लागलं, पैसे महाग व्याजानं उचलले आणि ते फेडायला भाडं एका झटक्यात १८ टक्क्यांनी वाढवलं.

तळमजल्यावर एक आजी होत्या, एकट्या. भाडं वाढल्याचं पत्र मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, म्हणाल्या, ‘वाढवायचंच होतं तर दरवर्षी थोडं थोडं वाढवलं असतंत तर मी बघितलं असतं काहीतरी.’ दोन महिन्यांनी गेल्या. भांडल्या नाहीत, शेवटच्या दिवशी नळाचा वॉशर नवीन टाकून गेल्या, तो मी तीन आठवडे टाकतो टाकतो म्हणत होतो. त्या वर्षी कमी भाड्याचा सगळा फायदा ज्यांना व्हायचा त्यांच्याकडूनच मी वसूल केला, व्याजासकट.

तेव्हापासून दोन नियम. राखीव पैसे वेगळ्या खात्यात, आणि त्यातून काढायला तिघा भागीदारांपैकी दोघांच्या सह्या. भाडं दरवर्षी थोडं वाढणार, किती ते आधीच लिहून दिलेलं. कमी भाडं आणि गोठलेलं भाडं यात फरक आहे. गोठलेलं भाडं दिसायला दयाळू असतं पण ते फुटतं तेव्हा उभ्या पाइपसारखं फुटतं.

हा सगळा प्रकार नवा आहे असं समजू नका. ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’, म्हणजे परताव्याबरोबर लोकांचं भलंही व्हावं म्हणून पैसे लावणं, हा शब्द २००७ साली इटलीत बेलाजिओला रॉकफेलर फाउंडेशननं भरवलेल्या बैठकीत निघाला, पण काम त्याच्या कितीतरी आधीचं. माझ्या मते या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकानं ऑक्टाव्हिया हिल या बाईंविषयी वाचावं. १८६५ मध्ये लंडनच्या मेरिलबोन भागात पॅराडाइज प्लेस नावाच्या, नावाला अजिबात न शोभणाऱ्या गल्लीतली तीन घरं त्यांनी चालवायला घेतली. पैसे जॉन रस्किन या लेखकाचे, आणि रस्किनची अपेक्षा होती की वर्षाला ५ टक्के परतावा मिळावा, म्हणजे बघून बाकीचे लोकही पैसे घालतील. इंग्लंडमध्ये अशा प्रकाराला पुढे ‘पाच टक्क्यांचा परोपकार’ असंच म्हणायला लागले.

यात मला काय आवडतं सांगू? ते ५ टक्के आधी ठरलेले होते. त्याच्या वर उरलं ते घरांवरच खर्च व्हायचं. आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम बाजूला असायची, मोडतोड कमी झाली तर उरलेल्या पैशातून काय करायचं ते भाडेकरूंनी सांगायचं. विचार करा, खिडकीची काच फोडली तर आपलंच काहीतरी जातं, हे समजवायला एकही भाषण लागलं नाही. बाई दर आठवड्याला भाडं घ्यायला जायच्या, आणि पुढे त्यांनी या कामासाठी कितीतरी बायका तयार केल्या. आज आपण ज्याला प्रॉपर्टी मॅनेजमेंट म्हणतो त्याची एक मुळी तिथे सापडते. दुसरी बाजूही आहे, भाडं थकलं की त्या कडक होत्या, आणि लोकांनी कसं राहावं हेही शिकवायच्या, त्यावर टीका झाली आणि मला ती पटते. घर दिलं म्हणून कोणाच्या स्वयंपाकघरात डोकवायचा हक्क मिळत नाही.

पण मुद्दा असा की समाजहित इमारत विकत घेण्यात नव्हतंच, दर आठवड्याच्या त्या फेरीत होतं. तुम्हाला वाटतंय तुम्ही ‘इन्व्हेस्टर’ होणार. होणार नाही. पहिली १० वर्षं तुम्ही किल्ल्या, पावत्या आणि पाण्याच्या टाक्यांचे माणूस होणार. ते आवडत असेल तरच या. ते नको असेल आणि फक्त पैसा चांगल्या जागी लावायचा असेल तर एखाद्या चालत्या, हिशेब उघड ठेवणाऱ्या हाउसिंग संस्थेला कमी व्याजानं पैसे द्या, नोकरी करत रहा. यात कमीपणा काही नाही, उलट अशा संस्थांना पैशाची चणचण कायम असते आणि आणखी एका उत्साही घरमालकाची तेवढी नसते.

आता दुसरी गोष्ट, वचन. आज तुमचा हेतू चांगला आहे हे मी मान्य करतो. १२ वर्षांनी इमारतीची किंमत तिप्पट झाली, घरात आजारपण आलं, भागीदार म्हणाला विकूया, तेव्हा? तेव्हाही हेतू चांगला राहील यावर मी पैज लावणार नाही, स्वतःवरही लावत नाही. म्हणून वचन माणसाच्या मनात ठेवायचं नसतं, कागदात बांधायचं असतं.

याचा एक किस्सा आपल्याला जवळचा आहे पण फार कोणी सांगत नाही. १९५१ मध्ये पोचमपल्लीला विनोबांच्या भूदानाची सुरुवात झाली. पुढे लक्षात आलं की भूमिहीनाच्या एकट्याच्या हातात जमीन आली तरी बी-बियाणं नाही, अवजारं नाहीत, उधार कोणी देत नाही, आणि जमीन फिरून सावकाराकडे जाते. त्यातून ग्रामदान आलं, मालकी गावाची, कसणारा कसेल. ही कल्पना अमेरिकेत ज्यांनी उचलली त्यांनी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था काढली, कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांसाठी, जवळपास ५७०० एकर. कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणून जे आता बऱ्याच देशांत चालतं त्याची ती पहिली म्हणतात. जमीन ट्रस्टची, ती कधी विकायची नाही, वरचं घर किंवा वापर तुमचा.

आणि त्या संस्थेची जमीन १९८५ मध्ये कर्जापायी गेली! दुष्काळ पडला, सरकारी मदतीचं कर्ज वेळेवर मिळालं नाही, त्यात वंशभेदही होता, २००९ मध्ये त्यांना सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली, पण जमीन हातची गेली ती गेलीच. मला या गोष्टीनं दोन गोष्टी शिकवल्या. मालकी अशी बांधा की उद्या तुम्हालाच मोह झाला तर तुम्हाला विकता येऊ नये. आणि कितीही पक्कं बांधलं तरी तारण ठेवलेली वस्तू ही शेवटी तारण घेणाऱ्याची असते, म्हणून कर्ज कमी. परत तेच आलं बघा.

सौम्य पर्यायही आहेत. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला १९८४ पासून असा एक ट्रस्ट चालतो, तिथे घर घेणारा विकताना आपले घातलेले पैसे परत घेतो आणि किंमत वाढली असेल तर त्या वाढीतला २५ टक्के हिस्सा घेतो, बाकीची वाढ घरातच राहते म्हणजे पुढच्या माणसालाही ते परवडतं. भाड्याच्या इमारतीला हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण विचार उचलण्यासारखा आहे. आम्ही भागीदारीच्या करारात लिहिलंय की विकायची झाली तर आधी भाडेकरूंच्या संस्थेला विचारायचं, आणि त्यांना किंमत कशी काढायची त्याचं सूत्रही लिहिलंय. वकील म्हणाला होता, ‘इतकं कशाला?’ तोच वकील, दुसऱ्या भागीदाराच्या मुलानं पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा म्हणाला बरं झालं लिहिलं होतं.

भाडेकरूंविषयी थोडं. परवडणारं म्हणजे किती, याला उत्पन्नाच्या ३० टक्के असं माप सर्रास लावतात. हे काही निसर्गाचा नियम नाही, अमेरिकेत सरकारी घरांसाठी १९६९ ला २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती ती १९८१ ला ३० केली, आणि तोच आकडा जगभर चिकटला. माझ्या अनुभवात फार कमी कमाई असेल तर ३० टक्केही जड जातात, औषधांवर खर्च असणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर नक्कीच. मी उलटं विचारतो, भाडं दिल्यावर हातात काय राहतं आणि त्यात महिना निघतो का. त्यासाठी पगाराची चिठ्ठी मागतो पण चौकशी तिथेच थांबवतो.

घर कोणाला द्यायचं याचा नियम आधी लिहा आणि नंबर लावा. नाहीतर काय होतं, जो छान बोलतो, जो आपल्यासारखा दिसतो, त्याला घर मिळतं आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो बाहेरच. मी पहिल्या इमारतीत हे केलंय, मुद्दाम नाही, ‘चांगली माणसं वाटतात’ एवढ्यावर. वर्षभरानं यादी बघितली तर सगळे कुठेही घर मिळालं असतं असेच लोक.

आणि थकबाकी. पहिला हप्ता चुकला की तिसऱ्या दिवशी मी जातो, तिसऱ्या महिन्यात नाही. तिसऱ्या दिवशी गेलं तर बोलणं असतं, ‘काय झालं, नोकरी गेली का, अर्धं देता येईल का, कधी.’ तिसऱ्या महिन्यात गेलं तर भांडण असतं, कारण तोपर्यंत रक्कम इतकी झालेली असते की समोरचा तुम्हाला टाळायलाच लागतो. दयाळू दिसावं म्हणून गप्प बसणारे घरमालक शेवटी सगळ्यात वाईट पद्धतीनं घर खाली करून घेतात, हे मी दोन-तीनदा जवळून पाहिलंय. ३१ घरांत १९ वर्षांत मी दोघांना घराबाहेर काढलं. दोन्ही वेळा थकबाकी नव्हती, शेजाऱ्यांना मारहाण होती.

हां, नोकरी. आत्ता सोडू नका. घाबरवायला म्हणत नाही, त्यामागे दोन सरळ कारणं आहेत. एक, पगार चालू असलेल्या माणसाला कर्ज चांगल्या अटींवर मिळतं, राजीनामा दिल्यावर तोच माणूस बँकेला वेगळा दिसतो. दोन, पोट इमारतीवर असेल तर पहिल्या अडचणीत तुम्ही भाडं वाढवाल. नक्की वाढवाल, मी वाढवलं. सुरुवातीची निदान तीन वर्षं घरखर्च दुसरीकडून भागला पाहिजे, इमारतीतून उरणाऱ्या पैशातून नाही. जोडीदाराच्या पगारावर घर चालेल म्हणता, तर सोडायच्या आधी सहा महिने तसं चालवून बघा, तुमचा पगार वेगळ्या खात्यात जाऊ दे, हात लावायचा नाही. जमलं तर बोलू.

पहिली खरेदी आठ-दहा घरांची नको, दोन किंवा तीन घरांची. दोन घरांच्या इमारतीत एक घर रिकामं राहिलं की उत्पन्न एकदम निम्म्यावर येतं हे मान्य, मोठी इमारत हिशेबाला बरी असते. पण दोन घरांतली चूक पगारातून भरून निघते, दहा घरांतली निघत नाही. आणि घेण्याआधी इमारत भर पावसात एकदा बघा, रात्री एकदा बघा, गच्चीवर जा, टाकीचं झाकण उघडा, सगळ्यात खालच्या बाथरूममध्ये वरच्यांचं पाणी सोडायला लावून पाच मिनिटं उभे रहा. कुठे नवीन रंगाचा एकच ठिगळ दिसला तर त्यावर हात ठेवा. गार लागला तर त्याच्यामागे काय आहे ते मी वर सांगितलंय.

राहत्या भाडेकरूंसकट इमारत मिळत असेल तर त्यांच्याशी बोला, विकणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. त्यांना काढून, दुरुस्त करून, मग ‘गरजूंना’ देण्याचा बेत असेल तर मात्र मला परत लिहू नका. राहत्या माणसाला उठवून दुसऱ्या गरजूला आणणं यात भलं कुठे आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

कोर्सचं शेवटचं. फायनान्सचा कोर्स तुम्हाला नको, तुम्हाला आकडे येतात, वरचं गणित तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडाल. तुम्हाला येत नाही ते पाइपाचं आणि माणसांचं. तुमच्या आसपास भाड्याची घरं चालवणारी एखादी संस्था किंवा ट्रस्ट असेल तर त्यांना सांगा की सहा महिने शनिवार-रविवार फुकट येतो, हिशेब बघतो, बदल्यात तुमच्या मेंटेनन्सच्या माणसाबरोबर फिरू द्या. हिशेबाला माणूस कोणालाही हवाच असतो, नाही म्हणणार नाहीत. त्या मेंटेनन्सवाल्याकडे एक वही असते, कळकट, कोणत्या घरात कधी काय बिघडलं ते लिहिलेली. ती वाचायला मिळेपर्यंत थांबा. ती वाचून झाली आणि तरीही इमारत घ्यावीशी वाटली तर तुमचे खरे आकडे घेऊन या, वरच्या १०० च्या जागी ते घालून बसू आपण.